खर्जाला जागा लागते

१९७६ साली सोनी कंपनीने एल्कॅसेट नावाची एक नवी कॅसेट बाजारात आणली. नेहमीच्या कॅसेटपेक्षा ती बरीच मोठी होती. आतली फीत दीडपटीहून जास्त रुंद होती आणि तिचा फिरण्याचा वेग दुप्पट होता. फीत जितकी रुंद आणि वेगवान, तितका आवाज स्वच्छ आणि मागची सरसर कमी, हे ध्वनिमुद्रणातल्या लोकांना आधीपासून माहीत होते. त्यामुळे एल्कॅसेट चांगली वाजणार हे उघड होते, आणि ती चांगली वाजलीही. तरी चार-पाच वर्षांत तिचा कारभार आटोपला. लोकांनी फिलिप्सने १९६३ साली काढलेली लहान कॅसेटच पसंत केली. ती मुळात बोलणे टिपून घेण्याच्या कामासाठी होती आणि तिची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या संथपणे सरकायची. पण ती खिशात मावायची, मोटारीत वाजायची आणि मित्राकडून आणून उतरवून घेता यायची. पुढे १९९९ साली सुपर ऑडिओ सीडी आली, २००० साली डीव्हीडी ऑडिओ आली. दोन्ही साध्या सीडीपेक्षा सरस असल्याचा दावा होता. नेमक्या त्याच वर्षांत लोक सीडीपेक्षा हलक्या दर्जाच्या एमपीथ्री फायली संगणकात साठवत होते.

हा इतिहास सांगून बहुतेक वेळा दोनपैकी एक निष्कर्ष काढला जातो. एक म्हणजे सामान्य माणसाला आवाजाच्या दर्जाशी देणेघेणे नाही, त्याला गाणे लागले की पुरे. दुसरा निष्कर्ष जुन्या रसिकांचा: सोयीने दर्जा मारला, आता खरे ऐकणे संपले. मला हे दोन्ही पटत नाहीत. दोघेही सोय ही एकच गोष्ट आहे असे धरून चालतात. वास्तविक घरात गाणे लागते तेव्हा सोय दोन वेगळ्या ठिकाणी शिरलेली असते. पहिले ठिकाण म्हणजे गाणे साठवणे, शोधणे आणि घरापर्यंत आणणे. दुसरे म्हणजे त्या विजेच्या संदेशाचा शेवटी हवेतला आवाज करणे, म्हणजे स्पीकर. पहिल्या ठिकाणी सोयीने सुरुवातीला नुकसान केले, पण ते आता जवळजवळ भरून निघाले आहे. दुसऱ्या ठिकाणचे नुकसान भरून निघालेले नाही आणि पूर्णपणे निघणारही नाही, कारण तिथला प्रश्न हवेचा आणि जागेचा आहे. आपण हळहळतो ते पहिल्याबद्दल, आणि दुसरे नुकसान मात्र आनंदाने विकत घेऊन येतो.

आधी पहिल्याबद्दल. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असते. प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट होतात. १९९०च्या दशकात टेलिफोनच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटला हे ओझे पेलणे शक्यच नव्हते. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो मार्ग विकसित केला, तो कानाच्या एका मर्यादेवर उभा आहे. एखादा मोठा स्वर वाजत असताना त्याच्या आसपासचा बारीक स्वर आपल्याला ऐकूच येत नाही. मग जे ऐकू येणार नाही ते साठवायचे कशाला? एवढे वगळले की फाईल सीडीच्या अकराव्या हिश्श्यावर आणता येते. १९९५ साली या फायलींना एमपीथ्री हे नाव मिळाले. पण काय ऐकू येणार नाही याचा अंदाज कडक कात्री लावताना चुकतो. कॅस्टनेटसारख्या वाद्याचा ठोका येण्याच्या किंचित आधी त्याची धूसर सावली ऐकू येते. आपल्याकडच्या टाळांची आणि चिपळ्यांची गतही तीच होते, त्यांची धार बोथट होते. साथीशिवायचा एकटा मानवी आवाजही अवघड परीक्षा घेतो. सुझान व्हेगा या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी वारंवार वापरले, ते याच कारणाने.

त्या काळातल्या तक्रारी खऱ्या होत्या. सेकंदाला १२८ हजार बिटांच्या फायलीत तंबोऱ्याचा झंकार पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा आणि झांजेचा आवाज भुरभुरायचा. पण हा प्रश्न मुळात साठवणुकीचा आणि तारेच्या जाडीचा होता, आणि या दोन्ही गोष्टी पुढच्या वीस वर्षांत अफाट स्वस्त झाल्या. आज गाणी ऐकवणाऱ्या सेवा सेकंदाला २५६ किंवा ३२० हजार बिटांचा प्रवाह देतात, तोही एमपीथ्रीपेक्षा सुधारलेल्या पद्धतीने. २०२१च्या जूनमध्ये अॅपलने आपल्या संगीतसेवेत काहीही न वगळलेल्या फायली जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५मध्ये स्पॉटिफायही त्या वाटेला लागले. म्हणजे सीडीचा पूर्ण दर्जा आता कुठलीही तबकडी न हाताळता घरात येतो. सीडीच्याही पलीकडचा दर्जा हवाच का, याचे उत्तर मायर आणि मोरान या दोघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडते. वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचे आणि तेच मध्ये सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवायचे, कोणते कोणते हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही. ५५४ वेळा विचारून २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून इतकीच आली असती.

ब्लूटूथबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण त्याची बदनामी जरुरीपेक्षा जास्त झाली आहे. फोनमधून स्पीकरकडे जाताना ब्लूटूथ आवाज पुन्हा एकदा आवळते, त्यामुळे काहीतरी गळते हे खरे. सगळ्यात साध्या, प्रत्येक उपकरणात असणाऱ्या पद्धतीची नेहमीची वरची मर्यादा सेकंदाला ३२८ हजार बिट आहे. सोनीच्या एलडॅक पद्धतीत ती ९९० हजारांपर्यंत जाते. घरातल्या वायफायवरून पाठवले तर आवळण्याची गरजच उरत नाही. हे फरक मोजता येतात. शांत खोलीत, उत्तम स्पीकरवर, लक्ष देऊन ऐकले तर कधी कधी कळतातही. पण टेबलावरच्या डबीएवढ्या स्पीकरवर ऐकणाऱ्याने ‘ब्लूटूथमुळे मजा गेली’ असे म्हणणे म्हणजे दोष भलत्याच्या माथी मारणे आहे.

आता दुसरे ठिकाण. स्पीकर म्हणजे हवा ढकलणारा पडदा. स्वर जितका खालचा, तितकी जास्त हवा ढकलावी लागते, आणि हे प्रमाण फार निर्दय आहे: तेवढ्याच मोठ्याने वाजायचे असेल तर एक सप्तक खाली उतरताना चौपट हवा हलवावी लागते. १०० हर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांवरून, ५० हर्ट्झवर चौपट, २५ हर्ट्झवर सोळापट. हवा हलवायचे मार्ग दोनच. एक तर पडदा मोठा करा, नाहीतर तो जास्त मागे-पुढे हलवा. हातात मावणाऱ्या स्पीकरचा पडदा पाच सेंटिमीटरच्या आसपास असतो. मध्यम आकाराच्या पेटीतला वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा पडदा, साडेसोळा सेंटिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात त्याच्या दसपट. लहान पडद्याने ही दसपट हालचालीतून भरून काढायची म्हटले तर तो आपल्या चौकटीतून बाहेर येईल. शिवाय पडद्यामागे पेटी लागते, कारण पडद्याच्या मागून निघणारी लाट पुढे येऊन मिसळली तर खालचे स्वर एकमेकांना मारतात. पेटी लहान असली की आतली हवा ताठ होते आणि पडद्याला हलू देत नाही. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हॉफमन यांनी हे सूत्ररूपाने मांडले, आणि त्या धंद्यातले लोक त्याला आजही हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात: खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी ताकदीत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. या नियमाला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. संगणकाची चिप या काळात लाखो पटींनी सुधारली, हवा होती तशीच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो आजच्या तंत्रज्ञांचा, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, लहान स्पीकर आता आंधळेपणाने वाजत नाहीत. आत बसवलेली चिप हळू आवाजात खर्ज उचलून देते, पडदा फाटेल अशी वेळ आली की तोच खर्ज आवरते, आणि पेटीला जोडलेला दुसरा, वीज न लागणारा पडदा आतल्या हवेच्या दाबावर डोलून मदत करतो. हे काम खरोखर विलक्षण आहे. मुठीएवढ्या वस्तूतून इतका भरलेला आवाज येईल असे तीस वर्षांपूर्वी कोणाला वाटले नसते. त्यातली सर्वांत हुशार युक्ती आपल्या मेंदूची मदत घेते. कोणत्याही स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर वाजत असतात. मूळ स्वर काढून टाकला आणि हे उपस्वर तेवढे ऐकवले, तरी मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून मूळ स्वर ओळखतो आणि तो ऐकल्यासारखे वाटते. लहान स्पीकर खर्ज वाजवत नाही, खर्जाची चाहूल वाजवतो. पुष्कळ चित्रपटगीतांना ती पुरते.

तंबोऱ्याला ती पुरत नाही. पुरुष गायकाच्या काळी एकच्या पट्टीत जोडाच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. हातातल्या स्पीकरची खरी ताकद बहुधा ८० ते १०० हर्ट्झच्या खाली संपते. म्हणजे खर्जाच्या तारेचा मूळ स्वर तिथे वाजतच नाही. उरतात तिचे उपस्वर. त्यातला पहिला, दुप्पट कंपनांचा, नेमका जोडाच्या तारेच्या जागेवर येतो. तिप्पट कंपनांचा पंचमावर जाऊन बसतो. मेंदूने ज्या धाग्यांवरून खर्ज ओळखायचा ते धागे शेजारच्या तारांनी आधीच अडवलेले असतात. परिणाम असा की चौथी तार छेडली गेली हे कळते, पण जोड, जोड आणि मग खाली उतरून विसावणारा खर्ज हा जो उतार आहे, ज्यावर गायकाचा षड्ज टेकलेला असतो, तो सपाट होतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्यावर एक टिपण लिहिले होते. तार जिथे छेडावी त्या जागेमुळे काही उपस्वर उमटायलाच नकोत असा तारांचा नियम आहे, पण तंबोऱ्यात ते उमटतात, आणि याचे कारण जवारीत, म्हणजे घोडीच्या वक्र पृष्ठभागाला तार लागत-सुटत राहण्यात आहे, हे त्यांनी दाखवले. मिरजेचे कारागीर ती जवारी कानाने घासून काढतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका बाजूला उपस्वरांची एवढी निगुतीने केलेली आरास, आणि दुसऱ्या बाजूला ती ज्या पायावर उभी असते तो खर्जच ऐकताना गायब. डग्ग्याच्या घुमाऱ्याचेही तसेच. मनगटाने दाबून वरच्या स्वराकडे नेलेली मींड ऐकू येते, पण ती जिथून निघाली ते खोल टोक ऐकू येत नाही.

खर्ज गेला त्याहून मोठे नुकसान एकाच पेटीच्या हट्टाने झाले आहे, आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही. एखादा आवाज डावीकडून आला तर तो उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिराने पोचतो, जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद. तेवढ्यावरून आपण दिशा ओळखतो. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओचे पेटंट मागितले ते या क्षमतेच्या भरवशावर. दोन स्पीकर एकमेकांपासून दूर ठेवले आणि आपण दोघांपासून सारख्याच अंतरावर बसलो, की गायक दोन्ही पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथे उभा राहतो. तबला एका अंगाला, हार्मोनियम दुसऱ्या अंगाला, तंबोरे मागे पसरलेले. गेली पन्नास वर्षे ध्वनिमुद्रणे याच मांडणीसाठी सिद्ध केली जात आहेत. एकाच पेटीत वीतभर अंतरावर बसवलेले दोन पडदे ही मांडणी उभी करू शकत नाहीत. सगळे एका बिंदूतून येते, वाद्ये एकमेकांवर चढतात, आणि मग प्रत्येक वाद्य वेगळे कळावे म्हणून आपण आवाज वाढवत जातो. टीव्हीखालचा साउंडबार याहून बरा, कारण तो निदान तीन-चार फूट रुंद असतो. त्यातले काही भिंतींवरून आवाज परतवून रुंदीचा भास देतात. चौकोनी, मोकळ्या खोलीत हे बऱ्यापैकी जमते. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला बाल्कनीचे दार असेल तर भास एकाच अंगाला कलतो.

आता दुसरा आक्षेप: हे फरक तयार कानाच्या माणसाला कळत असतील, चारचौघांना काय कळणार? याचे उत्तर प्रयोगांनी दिले आहे आणि ते माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे आहे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर अमेरिकेत हार्मन कंपनीत, स्पीकर पडद्याआड ठेवून, लोकांना ते न दाखवता, ऐकण्याच्या चाचण्या वर्षानुवर्षे घेतल्या. त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी २००३ साली २६८ जणांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यातले जेमतेम बारा तयार कानाचे होते, बाकीचे इतर. नवख्यांची उत्तरे जास्त डळमळती होती, पण चांगल्या-वाईटाचा क्रम त्यांनी तोच लावला जो तयार कानांनी लावला. सर्व पट्ट्यांत समतोल वाजणारा, बाजूलाही तसाच आवाज फेकणारा स्पीकर सगळ्यांनाच आवडला. दुसऱ्या एका प्रयोगात दिसले की पडदा उघडून स्पीकर समोर दिसू दिले, की लोकांची मते आकार, नाव आणि किंमत यांच्या मागे जातात. याचा अर्थ सामान्य माणसाचा कान कच्चा नाही. त्याला निवड करायला मिळते ती मात्र दुकानातल्या गोंगाटात किंवा मोबाइलच्या पडद्यावरच्या फोटोवरून, जिथे कानाचे काहीच चालत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली गीतरामायण आठवड्याला एक गीत असे प्रसारित झाले, तेव्हा ते मध्यम लहरींवर, एकाच स्पीकरच्या रेडिओवर ऐकले गेले. मध्यम लहरींवर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे जवळजवळ काही येत नाही. तरी महाराष्ट्र त्यात रंगून गेला. मग दर्जाचा एवढा आग्रह कशाला? गाणे महत्त्वाचे की आवाज? गाणेच महत्त्वाचे, यात वाद नाही. पण तो रेडिओ कसला होता तेही आठवायला हवे. व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा, टेबल अडवून बसणारा, आत सहा-आठ इंची कागदी पडदा. वरचे झिळमिळते स्वर त्यात नव्हते, पण माणसाचा आवाज छातीतून येतो तसा भरदार येत होता, आणि घरचे सगळे एका जागी बसून तो ऐकत होते. आजच्या लहान स्पीकरची गफलत बरोबर उलटी आहे, झिळमिळ भरपूर आणि अंग नाही. त्या रेडिओचा दाखला द्यायचाच तर तो मोठ्या पेटीच्या बाजूने द्यावा लागेल.

सोयीची जी स्वतंत्र किंमत आहे ती मी नाकारत नाही. सारेगामाने २०१७ साली कारवां काढला, रेडिओसारखा दिसणारा, ५,००० गाणी आतच भरलेला, इंटरनेट नको की फोन नको. घराघरातल्या ज्येष्ठांच्या हातात बटण फिरवण्याचा अधिकार त्याने परत दिला. ज्यांना फोनवर शोधाशोध जमत नव्हती म्हणून गाणी सुटली होती, त्यांच्यासाठी मुळात गाणे लागणे हीच दर्जाची पहिली अट आहे. शिवाय १९६०च्या दशकापर्यंतची बहुतेक मराठी भावगीते आणि नाट्यगीते मोनो, म्हणजे एकाच प्रवाहाच्या मुद्रणात आहेत. त्यांना दोन स्पीकरची गरज नाही, एक चांगला, जरा ऐसपैस स्पीकर पुरतो. स्वयंपाकघरात, अंघोळीला, सहलीला लहान स्पीकरच हवा. माझा मुद्दा घरातल्या त्या एका जागेबद्दल आहे जिथे आपण बसून ऐकतो, आणि जिथे आता लहान स्पीकरशिवाय दुसरे काही उरलेलेच नाही.

चौथा आक्षेप जागेचा, आणि मुंबई-पुण्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये मोठ्या पेट्या कुठे ठेवायच्या? खरे तर एवढ्या खोलीला फार मोठ्या पेट्या नकोतच. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट स्वतःशीच अडकून फुगते, दहा फुटांत ५६ हर्ट्झची. अवाढव्य वूफर आणला तर या दोन स्वरांचा नुसता धुमाकूळ होतो. शेल्फवर ठेवता येतील अशा, पाच ते साडेसहा इंची वूफरच्या दोन पेट्या या खोलीला नेमक्या आहेत. त्यांना सहा-सात फुटांचे अंतर द्यायचे, ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा, आपण बसल्यावर कानाच्या उंचीला यावा असे बघायचे, आणि टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबायचे टाळायचे. आपला सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, आणि भिंतीशी खर्ज सर्वांत जास्त साचतो. सोफा फूटभर पुढे ओढला तरी घुमारा सैल पडतो. फरशी आणि सिमेंटच्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाला जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले कपाट आवरते. शेजाऱ्यांना त्रास होईल ही भीती रास्त आहे, पण चांगल्या आवाजाचा मोठ्या आवाजाशी संबंध नाही. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले की आवाज जसजसा हळू होतो तसतसा आपला कान खालच्या स्वरांना जास्त बहिरा होतो. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यालाच खर्ज नीट वाजवणाऱ्या स्पीकरची गरज अधिक.

पैशांबद्दल दोन शब्द, कारण चांगल्या आवाजाच्या नावाने इथे बरीच लूट होते. हजारो रुपयांची सोनेरी टोकांची वायर, विजेची खास केबल, अॅम्प्लिफायरखाली ठेवायचे खास पाय यांतून आवाज सुधारतो असे न बघता घेतलेल्या कोणत्याही चांगल्या चाचणीत दिसलेले नाही. साध्या तांब्याची पुरेशी जाड वायर पुरते. या व्यापारामुळेच लोकांना वाटू लागले की दर्जा म्हणजे श्रीमंतांचा नाद. खर्च करायचा तो स्पीकरवर करावा आणि उरलेला वेळ तो कुठे ठेवायचा यावर.

स्पीकर वेगळा आणि सोय वेगळी ठेवण्याला आणखी एक आधार आहे, आयुष्याचा. सोनोस या कंपनीने घरभर वायफायने वाजणारे उत्तम स्पीकर बनवले. जानेवारी २०२०मध्ये तिने सांगितले की काही जुन्या उपकरणांना त्या वर्षीच्या मेनंतर नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही. मे २०२४मध्ये तिने अॅप बदलले, तेव्हा आधी असलेल्या अनेक सोयी नाहीशा झाल्या, ग्राहक संतापले, आणि जानेवारी २०२५मध्ये कंपनीचे प्रमुख पायउतार झाले. त्या स्पीकरांच्या पडद्यात काहीच बिघडले नव्हते. साध्या ब्लूटूथ स्पीकरचे आयुष्य बॅटरीवर ठरते, आणि ती बदलण्याची सोय बहुधा नसते. सोय पुरवणारा भाग पाच-सात वर्षांत जुना होतो. पडदा आणि पेटी तीस वर्षे टिकतात. दोन्ही एकाच डब्यात घट्ट बसवले की लवकर मरणारा भाग टिकणाऱ्यालाही घेऊन जातो.

म्हणून नवे काही घेण्याआधी माळ्यावर काय आहे ते पाहावे. १९८०-९०च्या दशकातला डेक किंवा म्युझिक सिस्टीम अनेक घरांत अजून पडून आहे. कॅसेटचा भाग बंद पडला म्हणून सगळेच वर गेले, पण अॅम्प्लिफायर आणि दोन पेट्या पुष्कळदा धडधाकट असतात. जाळी काढून पडद्याभोवतीची कडा बोटाने हलकेच दाबून बघावी. रबराची असेल तर बहुधा शाबूत असते. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा चुरा झालेला असण्याची शक्यता जास्त. तेवढी कडा नवी बसवून मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात आणि इतर शहरांतल्या स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांकडे हे काम होते. मागे ‘ऑक्स’ लिहिलेली जोडणी असेल तर हजार-दीड हजारांचा ब्लूटूथ रिसीव्हर किंवा फोनच्या चार्जिंगच्या सॉकेटला लागणारी छोटी वायर पुरते, आणि जगातली सगळी गाणी त्या जुन्या पेट्यांतून वाजू लागतात. पेट्यांच्या वायरी जोडताना लाल टोक लालला आणि काळे काळ्याला गेले आहे ना, हे दोन्ही बाजूंना तपासावे. एका पेटीची जोडणी उलटी झाली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, मधोमध उभा राहणारा गायक विखुरतो आणि खर्ज दोन पेट्यांच्या मध्येच विरून जातो. कानाला तेव्हा फक्त काहीतरी चुकल्यासारखे वाटते, नेमके काय ते कळत नाही, आणि दोष उगाच जुन्या पेट्यांवर येतो.